डावी कुंडीमागे, उजवी खणात

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी राजगीरच्या गुरुद्वाऱ्याबाहेर मला झेंडूच्या एका कुंडीमागे ठेवण्यात आले. सात वाजून बारा मिनिटांनी माझी बहीण जोडे सांभाळण्याच्या खिडकीत गेली. तिच्या बदल्यात सेहेचाळीस नंबरचा पितळी बिल्ला मिळाला.

मित्रांनो, मी एक जुनी चप्पल आहे. जुनी आणि डावी. माझी उजवी बहीण माझ्याहून सडपातळ आहे आणि मला 'जाडे' म्हणते. ते का, हे सांगायचे तर मांजरसुंब्याला जावे लागेल.

आम्ही दोघी मूळच्या एका ट्रकचे टायर होतो. पुष्कळ रस्ते पाहिल्यावर एका उन्हाळ्यात मांजरसुंब्याच्या फाट्याजवळ आम्ही फुटलो. तिथे मैनुद्दीनचाचांचे पंक्चरचे दुकान होते. चाचा टायरच्या चपलाही करत. एकदा चौसाळ्याच्या भिवराबाई त्यांच्याकडे आल्या. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांचा डावा पाय आखूड राहिला आहे. त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या आणि दिवसभर लेकरांमागे धावून त्यांची कंबर धरायची.

चाचांनी त्यांना दुकानाच्या शटरला पाठ लावून उभे केले. "आता हालू नका बाई. आमिना, रेघ मार."

चाचांची बायको आमिनाबी हिने दोन्ही खांद्यांच्या उंचीवर खडूच्या रेघा मारल्या. डावी रेघ खाली आली. चाचांनी डाव्या पायाखाली टायरचा एक तुकडा सरकवला, पुन्हा रेघा मारल्या. मग दुसरा. तिसऱ्या थराला दोन्ही रेघा एका पातळीत आल्या. ते तीन थर म्हणजे मी.

"चाळीस हजार किलोमीटरची ग्यारंटी," चाचा म्हणाले.

"मी काय ट्रक हाय का ओ?" भिवराबाई म्हणाल्या, आणि दुकानाभोवती दोन चकरा मारून आल्या. दुसऱ्या चकरेला त्या हसत होत्या.

पुढची अकरा वर्षे आम्ही अंगणवाडीत काम केले. माझा आवाज 'थप' आणि उजवीचा 'टक'. तो ऐकला की लेकरे खिचडीच्या ओळीत बसत. मग भिवराबाई निवृत्त झाल्या. घरात त्या भिंतीला धरून अनवाणीच वावरू लागल्या आणि आम्ही पलंगाखाली गेलो. दोन वर्षे तिथे होतो. पालीने माझ्यात दोन अंडी घातली, एवढीच त्या काळातली घडामोड.

यंदा गावातून सहलीची बस निघाली आणि आम्ही बाहेर आलो. राजगीर म्हणजे जुने राजगृह, मगधाची राजधानी. विहारात वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, ग्रंथवाचन होई तेव्हा गृध्रकूट टेकडीचे नाव भिवराबाईंनी दरवर्षी ऐकले होते. त्या टेकडीवर बुद्धांनी उपदेश केला. भिवराबाईंना ती चढायची होती, आणि स्वतःच्या पायांनी चढायची होती. शेजारच्या टेकडीवर रोपवे जातो आणि वरून गृध्रकूटाकडे उतरता येते, पण तिथल्या लोखंडी पाळण्यात बसायचे नव्हते. मित्रांनो, याचा अर्थ असा की सगळी भिस्त माझ्यावर होती. चाचांचा हात आता थरथरतो, ते चपला करत नाहीत. माझ्यासारखी दुसरी नाही.

पण भिवराबाईंना एक सवय आहे. आमच्या आधीची जोडी दिंद्रुडच्या लग्नात मांडवाबाहेरून गेली होती. तेव्हापासून त्या चपला जोडीने ठेवत नाहीत. एक इथे, एक तिथे. एकटी चप्पल कोण नेणार, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे एवढ्या वर्षांत आम्ही दोघी एकाही देवस्थानाबाहेर एकत्र बसलेलो नाही. गुरुद्वाऱ्यात थंड पाण्याचे कुंड आहे असे म्हणतात. आम्हाला काय, एकीला कुंडी आणि दुसरीला खिडकी.

सात वाजून वीस मिनिटांनी पांढऱ्या दाढीचे एक सेवेकरी झाडत झाडत आले. त्यांनी मला उचलले, उलटे केले, माझे तीन थर बोटाने मोजले. मग खिडकीमागच्या खोलीत बसून ओल्या फडक्याने मला पुसले. आजवर मला पायरीवर आपटले आहे, झाडूने ढकलले आहे. पुसले कुणीच नव्हते. हे बाबा रेल्वेतले निवृत्त अधिकारी आहेत, असे शेजारच्या बुटाने मला सांगितले. पुसून झाल्यावर त्यांनी खणांवरून नजर फिरवली, आणि मला नेमके सेहेचाळीस नंबरात ठेवले.

"जाडे, तू इथं?" उजवी म्हणाली.

सात चाळीसला बाहेरून ओळखीचा आवाज आला.

"स्वप्ना, कुंडीमागंच ठेवलती गं! माझ्या हातानं ठेवलती."

"आज्जी, इथं नंबर देऊन सांभाळतेत की. तू कावून अशी येगयेगळी ठेवलीस?" ही त्यांची नात.

"जोडीनं ठेवली की जोडीनं जाती."

"आता एकटी गेली ना?"

त्यांनी सगळ्या कुंड्या हलवल्या. बाकाखाली पाहिले. नळामागे पाहिले. पाऊण फर्लांगावर उभी असलेली बससुद्धा स्वप्ना पाहून आली. बिल्ला मात्र भिवराबाईंच्या मुठीतच होता. मी हाका मारत होते, पण आमचा आवाज चालतानाच निघतो.

"भिवरे, आता गुमान पाळण्यात बस," त्यांची मैत्रीण सत्यभामा म्हणाली. "मी बसनारच हाय. दोघी झोके घेऊ."

"तान्ही झाले का मी?"

"मावशी, सव्वाआठला बस हालनार," सहलीचे प्रमुख अमरसिंह म्हणाले. "चाळीस मानसं हायती. मी तरी काय करू?"

मग भिवराबाईंचा आवाज बारीक झाला. "वर्षावासात दर वर्साला ऐकलंय रे ती वाट. अनवाणी गेले तर पयल्या वळनालाच कंबर धरंल. पर उजवी तरी घेते. तिला हितं टाकून न्हाई जायची."

त्या खिडकीशी आल्या आणि बिल्ला पुढे केला. बाबांनी खणात हात घातला आणि फळीवर आम्हा दोघींना ठेवले. आधी उजवी, मग मी.

"माताजी, दोनों आपकी ही हैं न?"

भिवराबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मी ओलसर होते आणि चकाकत होते.

"बाबा, तुमने पुसी क्या?" त्यांनी विचारले. "पैर की चीज हाय ओ. कावून हात लगाया?"

"यही तो सेवा है, माताजी."

आठला पाच मिनिटे कमी होती. त्यांनी बाबांच्या हातातले फडके मागून घेतले, खाली बसल्या आणि समोरच्या ढिगातले चार जोड पुसले. त्यातला एक सत्यभामेचा होता.

"अगं बया, माझ्या कशाला पुसतीस!" सत्यभामा ओरडली.

"गप. चिखल हाय किती!"

आठ पन्नासला आम्ही टेकडीच्या पायथ्याशी होतो. ही वाट बिंबिसार राजाने बांधली असे सांगतात. टक, थप. टक, थप. भिवराबाई अकरा वेळा थांबल्या. सहाव्यांदा थांबल्या तेव्हा दूरच्या तारेवरून एक पाळणा चालला होता.

"भिवरेऽ, पोचल्यावर सांग गंऽ!"

"तू उतरल्यावर सांग!" भिवराबाईंनी खालून उत्तर दिले. सत्यभामेला ते ऐकू गेले नसावे, पण वाटेवरचे दोन भिक्खू हसले.

माझा तळाचा थर कडेने जरा सुटला आहे. तो उतरेपर्यंत टिकेल, असा माझा अंदाज आहे. खात्री देत नाही.

दहा पंचावन्नला आम्ही वर पोचलो. विटांचा एक चौथरा आहे. तिथे जोडे काढावे लागतात. भिवराबाईंनी मला हातात घेतले, सवयीने इकडेतिकडे पाहिले आणि एका दगडाकडे निघाल्या. मग थांबल्या. परत आल्या आणि मला उजवीच्या शेजारी ठेवले. अगदी अंगाला अंग लावून.

"आज्जी, जोडीनं?" स्वप्नाने विचारले.

"राहू दे. दोघी संगं आल्यात."

मग नातीच्या खांद्याला धरून त्या चौथऱ्यावर गेल्या, टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची फार अपेक्षा नसते. सुटलेला थर वेळेवर चिकटवा. जोडी मोडू नका. आणि पुसताना ती कुणाच्या पायातली आहे, ते विचारू नका.

आता अकरा वाजून पाच मिनिटे झाली आहेत. भिवराबाईंचे डोळे अजून मिटलेले आहेत. स्वप्नाचेही. या टेकडीवर माकडे पुष्कळ आहेत. त्यातले एक पाच मिनिटांपूर्वी खाली उतरले, माझ्याजवळ बसले आणि माझे थर मोजू लागले. दोन मोजून झाले आहेत. उजवी म्हणते, हालू नकोस. सध्या त्याचा एक हात माझ्यावर आहे आणि दुसरा तिच्यावर.