पंप, क्रमांक एकोणीस

"भाऊजी, गेल्या तीन वर्षांत खाणीत पाणी किती वेळा शिरलं?"

"शिरलं किती ते सांगू, की वहीत लिहिलं किती ते?"

नियोजन कक्षातल्या कारकुनाने पेन खाली ठेवलं. समोर त्याच्या ताईचे यजमान बसले होते, जुन्या खाणीचे मुकादम. कंपनीच्या खाणी सहा, आणि दरवर्षी प्रत्येकीला काही ना काही हवंच असे. कुणाला नवा रस्ता, कुणाला यंत्र. सगळ्या मागण्यांना गुण द्यायचे, क्रम लावायचा आणि चौदाव्या मागणीखाली रेघ मारायची, हे कारकुनाचं काम. रेघेखालच्यांनी पुढच्या वर्षी यायचं. कंपनीच्या पैशाचं चीज व्हावं म्हणून ही पद्धत होती, आणि त्याला तिचा अभिमानही होता.

"वहीत शून्य आहे."

"असणारच! मीच लिहितो ना. पाणी आलं की पोती लावायची, जुना पंप ठोकून ठोकून चालू करायचा. लिहिलं की पाळी बंद, चौकशी, माणसांचा रोज बुडतो. फाटकावरची पाटी बघ जरा. तीन वर्षं एकही घटना नाही!"

"अहो, त्या शून्यापायीच तर तुमच्या नव्या पंपाच्या मागणीला गुण मिळत नाहीत. खरं काय ते आता लिहून द्या."

भाऊजींचा चेहरा उतरला. "खोटी वही लिहिली असं लिहून देऊ? आठ महिने राहिलेत रे निवृत्तीला. हाकलून देतील. तुझ्या ताईला कुठल्या तोंडानं सांगू? तू कुणापाशी बोलू नकोस."

पंप एकोणिसावा आला. बैठकीत मोठ्या साहेबांनी विचारलंसुद्धा, "जुन्या खाणीबद्दल कुणाला काही सांगायचंय?" शब्द कारकुनाच्या अगदी ओठांवर आले होते. पण आई गेल्यावर ताईनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. तिच्याच घराच्या पोटावर पाय कसा द्यायचा? तो गप्प बसला आणि रेघ मारली गेली.

बैठकीनंतर पाचव्या महिन्यात पाणी शिरलं. जुना पंप या खेपेला ठोकूनही चालू झाला नाही. भाऊजींनी पाळी वर काढली, दोन माणसं कमी भरली म्हणून पुन्हा खाली उतरले. ती दोघं वाचली. भाऊजी चौथ्या दिवशी सापडले.

नव्या वर्षाच्या यादीत 'घटना' या रकान्यात कारकुनाने स्वतःच्या हाताने एकचा आकडा लिहिला. पंप पहिला आला. "यंदा यादी अगदी चोख झालीय," साहेब म्हणाले. कारकुनाला स्वतःची शिसारी आली.

त्या संध्याकाळी तो ताईकडे गेला. आज सांगून टाकायचंच, असं ठरवून गेला होता. मला सगळं माहीत होतं, मी बोललो असतो तर नोकरी गेली असती पण माणूस राहिला असता.

ताईने चहा पुढे ठेवला. तो तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "मागच्या वर्षी तुमची ती बैठक झाली ना, त्या दिवशी किती खुशीत होते माहितीये? म्हणाले, तुझ्या भावानं माझी लाज राखली. मला इतकं बरं वाटलं होतं रे." तिने पदराने डोळे पुसले. "घे ना, गार होतोय."

कारकुनाने कप उचलला आणि सगळा चहा संपवला.

"छान झालाय," एवढंच तो म्हणाला.