उलट्या पायडलचा ब्रेक

उदारामचा डावा हात मनगटापासून धानाच्या गिरणीत गेला, त्याला सात वर्षं झाली होती. 'गेला' हा शब्द लोकांचा. उदारामला तो मुळीच चालत नसे. फिरत्या चामडी पट्ट्यावर झाकण बसवा, असं त्यानं गिरणीच्या मालकाला दोनदा सांगितलं होतं. झाकण बसलं नाही, आणि एका सकाळी पट्ट्यानं सदऱ्याची बाही धरली. "हात गेला नाई, घेतला माया हात," असं तो म्हणायचा. समोरचा हळहळायला लागला की त्याला आणखीच राग यायचा.

गिरणी सुटल्यावर गोंदियाच्या एका बिडी कारखान्यात त्याला काम मिळालं. खेड्यातल्या बाया घरी बिड्या वळत. उदारामनं त्या बिड्या तपासायच्या, बंडलं गोळा करायची आणि कारखान्यात आणून टाकायची. त्याच्या वाट्याला दवनीवाडा आलं होतं. मुर्रीच्या घरून पहाटे निघायचं, दुपारी पोचायचं, रात्री तिथंच कोणाच्या तरी पडवीत पडायचं आणि दुसऱ्या दिवशी पाठीवर गठ्ठा घेऊन परतायचं. असं चार वर्षं पायी चाललं. बायांचा त्याच्यावर भरवसा होता, कारण चांगली वळलेली बिडी खराब म्हणून तो बाजूला काढत नसे. बाकीचे तपासणारे काढत, आणि बाजूला काढलेल्या बिड्या स्वतःच्या घरी नेत.

सदतीस सालच्या दिवाळीआधी कारखान्याचे मुनीम केशोराव यांनी त्याला बोलावलं.

"उदाराम, मालकांचा हुकूम आहे. आता माल रोजच्या रोज आला पाहिजे. दवनीवाड्याला सायकलवाला माणूस लागेल."

"मंग घेतो ना सायकल."

केशोरावांनी त्याच्या डाव्या बाहीकडे पाहिलं. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "तुझ्याच्यानं कसं होईल, बाबा? तू इथं भट्टीजवळ बस. बिड्या शेकायच्या, सावलीतलं काम आहे. दवनीवाड्याला आमचा भाचा जाईल, चैतराम."

"चैतरामनं बिडी कधी पाहली का? ओढाची सोडून?"

"शिकेल."

"तो शिकंल, आन् मी नाई शिकनार?"

पंधरा दिवसांनी बघू, एवढंच केशोराव म्हणाले आणि वहीत डोकं घातलं. उदाराम तिथून निघाला तेव्हा त्याची कानशिलं तापली होती.

घरी त्यानं बायकोला, शामकलाला, सगळं सांगितलं. तीही बिड्या वळायची. हातातलं पान न सोडता ती म्हणाली, "सायकल येते का पन तुमाले?"

"गिरणीत होतो तवा चालवत होतो."

"तवा दोन हात होते."

"हाव. म्हनूनच इचार करून राहिलो."

आणि त्यानं खरोखरच विचार केला. गोंदियाच्या बाजारात सायकल घ्यायला येणारा माणूस घंटीचा आवाज आणि दिव्याची चमक बघतो. उदाराम चार दिवस रस्त्याच्या कडेला बसून लोक सायकल कशी चालवतात ते बघत राहिला. डाव्या हातानं माणूस नेमकं काय करतो? घंटी वाजवतो. मागचा ब्रेक दाबतो. चढावर हँडल ओढून धरतो. म्हणजे या तीन गोष्टींची सोय झाली की झालं. घंटी उजवीकडे बसेल. चढासाठी मागचं दातेरी चक्कर मोठं घ्यायचं. वेग कमी होईल, पण हँडलशी ओढाताण करावी लागणार नाही. राहिला ब्रेक. रेल्वेच्या एका गोऱ्या गार्डाची सायकल त्यानं पूर्वी पाहिली होती. गार्ड पायडल उलटं दाबायचा आणि मागचं चाक जागीच थांबायचं. हाताचं कामच नाही.

तो गार्ड बदलून गेला होता, पण त्याच्या सायकलचं मागचं चाक भैय्यालालच्या सायकलच्या दुकानात खिळ्याला टांगलेलं उदारामनं पाहिलं होतं.

भैय्यालालचं दुकान बाजारात सगळ्यात मोठं. उदाराम तिथं गेला आणि एकेक सांगू लागला. जाड टायर, कारण रस्ता मुरमाचा. मागं रुंद कॅरिअर. पूर्ण चेनकव्हर, कारण धोतर अडकलं तर सोडवायला दुसरा हात नाही. दोन्ही बाजूंनी टेकणारं भक्कम स्टँड.

भैय्यालाल ऐकता ऐकता हसायला लागला. "अरे भाई, चलाएगा कौन?"

"मी."

"एक हाथ से?" त्यानं दुकानात बसलेल्या दोघांकडे पाहिलं. तेही हसले. "हँडल से पट्टा बांध दूँ क्या हाथ को?"

"पट्टा नाई. पडलो त् हात सुटला पायजे, नाई त् कोपरातून मोडंल. चामड्याची वाटी पायजे, वरून उघडी. ते मी मोच्याकडून करून आननार हावो. तुमी फक्त हँडलले बसवून द्या."

हसणं थांबलं. भैय्यालालला अशी उत्तरं ऐकायची सवय नव्हती. त्यानं लखलखती गॅसबत्ती काढली, रंगीत मूठ काढली, हरणाचं चित्र काढलेला मडगार्ड दाखवला. "ये ले जाओ, शान दिखेगी."

"शान नाई पायजे. ते चाक पायजे." उदारामनं खिळ्याकडे बोट दाखवलं.

"वो? वो तो कबाड़ है."

"कबाड़ हाय त् टांगून कायले ठेवलं?"

अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी भैय्यालालनं चाक उतरवलं. दोन वर्षं शामकलानं बाजूला टाकलेले पैसे उदारामनं मोजून दिले आणि आठ दिवसांनी सायकल घ्यायला आला. सगळं सांगितल्याप्रमाणे होतं. त्यानं बाजारातल्या सपाट रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या. पायडल उलटं दाबलं, चाक थांबलं. डावा हात चामड्याच्या वाटीत नीट बसला होता. चार माणसं बघत उभी राहिली होती. त्यांच्याकडे न बघता तो मुर्रीच्या रस्त्याला लागला.

पहिल्या तीन दिवसांत त्यानं दवनीवाड्याच्या तीन फेऱ्या केल्या. चौथ्या दिवशी भरल्या कॅरिअरनं परत येताना नाल्याचा उतार लागला. उदारामनं पायडल उलटं दाबलं. क्षणभर चाक अडखळलं, मग काहीतरी खट्कन तुटलं आणि पायडल नुसतंच मागे फिरलं. उजव्या हाताचा पुढचा ब्रेक त्यानं आवळला, तेवढ्यात मुरमावरून पुढचं चाक घसरलं. उदाराम एकीकडे, सायकल दुसरीकडे, आणि बंडलं नाल्याच्या पाण्यात.

मागून बैलांचं एक हलकं खासर येत होतं. गाडीवाला उतरला, त्यानं बंडलं काढायला मदत केली आणि मान हलवून म्हणाला, "थोट्या मानसानं सायकल कायले घ्यावं, बाप्पा?"

उदारामचा गुडघा फुटला होता. पण ते वाक्य गुडघ्यापेक्षा जास्त लागलं. तो सायकलजवळ बसला आणि मागचं चाक तपासू लागला. त्या ब्रेकाच्या हबमधून एक लोखंडी पट्टी निघते. ती सायकलच्या दांड्याला क्लिप लावून, बोल्टनं घट्ट बसवायची असते. पट्टी जागची हलली तर ब्रेक लागतच नाही. इथं क्लिप नव्हती. बोल्ट नव्हता. पट्टी बारीक तारेनं दांड्याला गुंडाळली होती आणि तार दिसू नये म्हणून वरून काळा रंग फासला होता. तारेचे दोन तुकडे लोंबत होते.

तो कितीतरी वेळ त्या तुकड्यांकडे बघत राहिला. गिरणीत झाकण नव्हतं, इथं क्लिप नव्हती. आणि दोन्ही वेळा थोटा कोण, तर उदाराम.

ही बातमी त्याच्या आधी गोंदियाला पोचली. दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेला तेव्हा भट्टीवाला म्हणाला, "मुनीमजीनं तुले मायाजवळ बसाले सांगितलं हाय. ते बाजारात गेले, भाच्याच्या सायकलीसाठी."

उदाराम लंगडत, सायकल ढकलत थेट भैय्यालालच्या दुकानी गेला. केशोराव तिथं बाकावर बसले होते. शेजारी चैतराम, पंचविशीचा धिप्पाड गडी, दोन घंट्या आळीपाळीनं वाजवून बघत होता. त्याच्या नव्या सायकलला हरणाचा मडगार्ड लागला होता, रंगीत मुठी लागल्या होत्या, गॅसबत्ती झगझगत होती.

"अरे उदाराम, लागलं का फार?" केशोराव पुन्हा त्याच मऊ आवाजात म्हणाले. "मी सांगत होतो तुला..."

"मुनीमजी, आधी हे पाहा." त्यानं सायकल त्यांच्या पुढ्यात आडवी केली. "हे काय हाय?"

"तार आहे."

"आता भैय्यालाल शेठले इचारा, इथं काय पायजे होतं."

भैय्यालाल गल्ल्यावरून उठला नाही. "क्लिप नहीं मिला तो तार बांध दिया. काम तो चल रहा था ना? अब तुम्हारा हाथ ही नहीं, उसमें दुकान का क्या कसूर?"

उदारामचा आवाज चढला. बाजारातली माणसं थांबायला लागली. "हात नाई म्हनून त् मी हा ब्रेक मांगतला! माया जीव या पट्टीवर होता. तुमाले दोन हात हायत, शेठ. दोन्ही हातांनी तुमच्याच्यानं एक बोल्ट आवळला गेला नाई. आन् वरून रंग फासला. क्लिप नोहती त् सांगता आलं नाई? रंग लावाले बरा टाइम भेटला!"

"आवाज नीचे करो."

"नाई करत. हे घ्या." त्यानं गल्ल्याजवळून तारेचा तुकडा उचलला, गुडघ्यानं चाक दाबून धरलं आणि एका हातानं, दातांची मदत घेत पट्टीला तार गुंडाळली. "जशी तुमी बांधली होती तशीच बांधली. चाला नाल्याच्या उतारावर. कॅरिअरवर गठ्ठा मी ठेवून देतो. तुमी बसा."

भैय्यालाल इकडेतिकडे बघायला लागला. "मैं काय को बैठूँ? मेरा धंदा है क्या?"

"बरं. मुनीमजी, तुमी बसा. तुमाले दोन हात हायत."

केशोराव बाकावरून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. तेवढ्यात चैतरामनं हातातली घंटी खाली ठेवली आणि आपल्या नव्या सायकलच्या मागच्या चाकाजवळ वाकून हळूच विचारलं, "शेठ, मायावाल्या सायकलीले त् कोठी तार नाई ना बांधली?"

बघणाऱ्यांत हशा पिकला. केशोरावांचा चेहरा मात्र उतरला. भाचा मोठ्या बहिणीचा होता, आणि त्यालाही तोच उतार उतरायचा होता. ते भैय्यालालकडे वळले आणि पहिल्यांदाच त्यांचा मऊपणा गेला. "क्लिप काढा. आत्ता."

भैय्यालाल आत गेला. पत्र्याचे डबे वाजले. पानाला चुना लावायला लागतो तेवढ्या वेळात तो क्लिप घेऊन बाहेर आला. तीच, गार्डाच्या चाकाची. बोल्टसकट.

"म्हंजे दुकानातच होती," उदाराम म्हणाला. नाल्यातून उठताना आला नव्हता इतका राग आता आला. क्लिप मिळाली नसती तर निदान माणूस अडला असं म्हणता आलं असतं. इथं डबा उघडायचाही कंटाळा केला होता.

भैय्यालालचा कारागीर पाना घेऊन पुढं आला. उदारामनं त्याच्या हातातून पाना घेतला. एका पायानं चौकट दाबली आणि बोल्ट स्वतः आवळला. पुन्हा आवळला. मग सगळं वजन टाकून उलटं पायडल दाबलं. पट्टी तसूभर हलली नाही.

केशोराव खाकरले. "ठीक आहे. महिनाभर तुलाच ठेवून बघतो दवनीवाड्याला."

"महिनाभर काऊन? चार वरसं पाहलं ते नाई पुरलं? बघाचं असंल त् चैतरामले बघा महिनाभर. बिडी वळता येते का, तपासता येते का. मी भट्टीजवळ बसनार नाई, आन् महिन्याच्या बोलीवर जानार नाई. जानार त् आधी जसा जात होतो तसाच."

मुनिमाशी असं कोणी बोलत नसे, आणि तेही भर बाजारात. केशोरावांनी टोपी नीट केली. उदारामला काढलं तर दवनीवाड्याच्या बाया नव्या माणसाला सुखानं माल देणार नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं. "जा बाबा," ते म्हणाले. "उद्यापासून जा." चैतरामला त्यांनी दुसऱ्या, जवळच्या गावाला लावलं.

उदारामनं सायकल वळवली तेव्हा भैय्यालाल मागून म्हणाला, "उदारामभाई, ये घंटी ले जाओ. पैसा मत देना." उदारामनं ऐकलं आणि घंटी तिथंच राहू दिली. त्या दुकानात तो पुन्हा गेला नाही. पुढं टायर बदलायचा झाला तेव्हा आमगावहून आणला.

दुसऱ्या दिवशी तो दवनीवाड्याला पोचला तेव्हा पाटलाच्या ओट्यासमोर वीस-पंचवीस माणसं जमली होती. थोटा पुन्हा सायकलवर येऊन राहिला आहे, एवढं कळलं होतं; बघायला आली होती. उदारामनं पायडल उलटं दाबलं, सायकल त्यांच्या अगदी पुढ्यात थांबवली आणि खाली उतरला.

"काय पाहून राहिले?" तो ओरडला. "मी काय दंडारीतला सोंगाड्या हावो का? धान कापाचं पडलं हाय वावरात, जा ना!"

माणसं पांगली. सुलोचनाबाई, बिड्या वळणाऱ्यांत सगळ्यात म्हातारी, टोपली घेऊन पुढं आली. तिनं त्याच्या फुटक्या गुडघ्याकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं.

"त्या दिवशीच्या भिजलेल्या बिड्या आमच्या बोडक्यावर त् नाई टाकनार ना मुनीम?"

उदारामनं स्टँड लावला. हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. आणि आता आलं तसा त्याचा राग पुन्हा उफाळून आला, कारण म्हातारी बरोबर बोलत होती. मुनीम त्या बिड्यांचे पैसे बायांच्याच मजुरीतून कापणार होता.

"टाकू त् दे त्याले," तो म्हणाला आणि टोपलीतलं पहिलं बंडल उचललं. "उद्या सकारीच जातो त्याच्याकडे."