राज्यघटनेतील प्रक्षेप

चिंचणीच्या वाचनालयात दर एकादशीला चंद्रभान गुरुजी राज्यघटना सांगत. पन्नास साली मुद्रित झालेली इंग्रजी प्रत रेशमी वस्त्रातून सोडवून ते चौरंगावर ठेवीत, कलम वाचीत, आणि पुराणिकाने श्लोक उलगडावा तसा मराठीत अर्थ सांगत. अकरा वर्षांत त्या पोथीवर शाईचा एक ठिपका त्यांनी पडू दिला नव्हता. संसदेने केलेल्या दुरुस्त्यांना ते 'प्रक्षेप' म्हणत. मागाहून घुसडलेल्या ओळींना मूळ संहितेत स्थान नाही, हा त्यांचा सिद्धान्त.

अलीकडे मात्र श्रोते विरळ झाले होते. बोईसरच्या टपाल कचेरीतला पंढरी नावाचा नवा कारकून रविवारी चहाच्या दुकानात तीच घटना सांगू लागला होता. प्रत्येक दुरुस्तीची चिठ्ठी तो आपल्या प्रतीत खळीने डकवी.

"त्याचं लवकर कळतं हो," नेहमीच्या श्रोत्यांतल्या येसूबाई एकदा भाबडेपणाने म्हणाल्या, आणि त्या दिवशी गुरुजींना अन्न गोड लागले नाही. चहाचे डाग पडलेली ती प्रत लोक हाती घेऊन पाहतात! आपल्या पोथीला मात्र कोणी कधी हात लावू मागितला नव्हता.

एकसष्टच्या कार्तिकात पंढरी स्वतःच येऊन मागच्या सतरंजीवर बसला. गुरुजींचा स्वर आपोआप चढला. तेवढ्यात मासवणचा जिवल्या उठला.

"गुरुजी, पुढल्या साली निवडणूक हाय. आमचा बुधा राखीव जागेवर उभा राहतो. पन पाटील बोलतो, आदिवासींच्या राखीव जागा सरल्या. खरं काय?"

गुरुजींनी तीनशे चौतिसावे कलम काढले. "दहा वर्षे. म्हणजे गेल्याच साली मुदत संपली."

"मंग सांगतो बुधाला, बस घरी," म्हणत जिवल्याने काठी उचलली.

गुरुजींची दृष्टी पंढरीकडे गेली. त्याचे ओठ हलले आणि मिटले. मान खाली गेली. त्याला ठाऊक होते. तो वडीलधाऱ्याचा मान राखीत होता! त्या दयेने गुरुजींच्या अंगाचा तिळपापड झाला. गप्प राहिले तर आसन आपलेच राहणार होते. पण बुधा घरी बसणार होता.

त्यांनी पाने उलटली. तीनशे अडुसष्टावे कलम. घटना कशी बदलावी, हे कर्त्यांनीच तेथे सांगून ठेवले होते. अकरा वर्षे ते कलम त्यांनी अर्थ न उलगडता एका दमात वाचून संपवले होते.

"थांब जिवल्या. पंढरीनाथ, वर या."

"गुरुजी, तुम्हीच वाचा ना," पंढरीने आपली प्रत पुढे केली.

"माझा पाठ अशुद्ध निघाला. ज्याचा शुद्ध, त्याने आसनावर बसावे."

गुरुजी उतरून सतरंजीवर बसले. पंढरीने आसनावरून संकोचत चिठ्ठी वाचली. आठवी दुरुस्ती, दहाच्या जागी वीस वर्षे, सत्तर सालापर्यंत.

"तर मग बुधाला नवा सदरा शिवायलाच पायजे!" जिवल्या ओरडला. सगळे हसत पंढरीभोवती गोळा झाले. गुरुजी सतरंजीवर एकटेच उरले.

"पुढल्या एकादशीलाही यांनाच बोलवा हो," येसूबाई म्हणाल्या.

"बोलावू," गुरुजी उत्तरले. मात्र पंढरीचे उच्चार सदोष आहेत, हे मनात नोंदवल्यावाचून त्यांना राहवले नाही.