वल्हांडणाचे बन

अजून आठवलं की मान खाली जाते. अठ्ठावन्न साली बंगळूरला मी शिकवायचो त्या शाळेत सातवीला सिपोरा चेऊलकर ही एकच यहुदी मुलगी होती. तिच्या वल्हांडण सणात मी मुद्दाम प्रोजेक्टर आणून मिसर देश सोडणाऱ्या तिच्या पूर्वजांचा सिनेमा वर्गाला दाखवला. घाईत पीठ आंबायला वेळ मिळाला नाही, म्हणून हे लोक सणाचे आठ दिवस पाव खात नाहीत, हे मीच ऐटीत समजावलं. मग कथेनंतर प्रसाद वाटावा तसे सगळ्यांना बेकरीतले बन वाटले.

सिपोरा बन हातात धरून बसली.

"प्रसादाला नाही म्हणू नये. खा," मी दरडावलं.

"घरी नेते, सर."

शाळा सुटल्यावर फाटकाशी शिपाई उमाजी बन खात होता.

"त्या मुलीनं दिला, सर. 'सरांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल,' म्हणाली."