रुखमाबाईचा माणूस

"बिल्ल्याचा नंबर सांग," हजेरी कारकून केशवराव म्हणाला आणि पानाची पिंक टोपलीत टाकून मोकळा झाला.

"नंबर मले नाई मालूम जी."

रुखमाबाई खाणीच्या कचेरीच्या दारातच उभी होती. सकाळी मँगनीजच्या खाणीत छत कोसळल्याचं ऐकून ती आंबागडाहून चालत आली होती. नवरा वर आला की अजून खालीच आहे, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

संगणकापुढे घनश्याम बसला होता. ठेकेदाराने सत्त्याऐंशी साली हे यंत्र आणलं, तेव्हा कामगारांच्या नोंदींचा अख्खा संच त्याने प्रोग्रामात स्वतः घडवला. चौकटी कंसात बिल्ल्याचा नंबर लिहिला की त्या माणसाची नोंद समोर हजर. पुढे नावानेही शोधता यावं म्हणून तो महिनाभर खपला होता, आणि त्याचा त्याला केवढा अभिमान! आज सकाळपासून वर आलेल्यांचे नंबर फोनवर ऐकून तो भरत होता.

"नावही चालते, बाई. सांगा."

"पटले," तिने खाली बघत आडनाव तेवढं सांगितलं.

"अर्धी खाण पटलेच हाय!" केशवरावाला चेव आला. "नवऱ्याचं नाव घे न. उखाण्यात घे पाहिजे तं. लाजून कायले राहिली?"

"आमच्यात नाई घेत जी."

खाली माणसं अडकलेली आणि याला उखाणा सुचतोय! घनश्यामला शिसारी आली. केशवरावाची आली तशी स्वतःचीही. बाईला नावापाशी आणून अडवणारा प्रोग्राम त्यानेच तर घडवला होता.

रुखमाबाईने पदर तोंडाशी धरला. लग्न झाल्यापासून जे ओठांवर आणलं नव्हतं, ते ती पुटपुटली.

"टेकचंद."

पडद्यावर तीन टेकचंद पटले आले. एक वर, दोन खाली.

"आता याच्यातला तुहा कोणता?" केशवराव खिदळला.

घनश्याम उठला. खुर्ची मागे आडवी झाली, ती त्याने उचलली नाही. बाईचं नाव विचारून घेतलं आणि तिला घेऊन तो खाणीच्या तोंडाशी गेला. बायकांना दोराच्या अलीकडेच थांबवलं होतं. पलीकडे वर आलेली माणसं काळ्या धुळीने माखून बसली होती, कोण कुठला ते कळत नव्हतं.

"रुखमाबाईचा माणूस कोण हाय?" तो ओरडला.

मग मागून एक हात वर झाला.

रुखमाबाईने तो हात ओळखला. पदराने डोळे पुसून ती वळली.

"त्यायले सांगू नोका जी," ती घनश्यामला हळूच म्हणाली, "मी त्यायचं नाव घेतलं म्हून."