सूर्याला कोण बसवतं

पार्लरवालीनं ‘सेट’ हा शब्द निवडला तो निव्वळ आळसापोटी. इंग्रजीच्या वर्गात सर म्हणाले होते, प्रत्येकानं एका क्रियापदाचा अर्थ, उगम आणि वापर पुढे येऊन सांगायचा. जो तोंड उघडणार नाही तो परत खालच्या वर्गात. खालच्या वर्गात ती आधीच दोनदा बसली होती. तिथल्या बाकाचा खिळासुद्धा तिला ओळखायला लागला होता. आणि सेट तर काय, दिवसभर ती बायकांचे केस तेच करायची.

घरी शब्दकोश उघडला आणि तिचे डोळे पांढरे झाले. एकट्या सेटनं पानंच्या पानं अडवली होती. ठेवणे, मांडणे, लावणे, घट्ट होणे, मावळणे.

“एक काय ते ठरव म्हणावं त्याला,” नवरा म्हणाला. लोकांच्या घरी फरश्या बसवून उरलेल्या सवडीत तो स्वतःच्या न्हाणीघरात गुडघ्यांवर आला होता. रबरी हातोडीनं त्यानं कोपरा ठोकला. “ही बघ, बसली एकदाची.”

“माझी कुठं बसतेय?” बाहेरून सासरे म्हणाले. त्यांची कवळी नवी होती, बोलताना खाली यायची.

ती शब्दकोशावर तशीच वाकून राहिली. उगम तळाला बारीक अक्षरात होता. सेट म्हणजे मुळात सिट करायला लावणं. बसणे, बसवणे.

“अहो, हे तर तुमचंच काम निघालं. फरशी बसवा, कवळी बसवा, हाड बसवा, नाटक बसवा...”

“आणि सूर्य?” सासऱ्यांनी विचारलं. “तोही सेट होतो म्हणे. त्याला कोण बसवतं, सूनबाई?”

“कोण कशाला?” नवरा म्हणाला. “दिवसभर उभा असतो. पाय भरून येतात, बसतो आपला.”

“वर्गात असं सांगतात का?” ती म्हणाली.

मग ती गिऱ्हाइकांच्या डोक्यावर, ड्रायरच्या वर आवाज चढवून, घोकत राहिली. ऐन दिवशी सकाळी घसा बसला.

“आता ह्याला कुणी बसवलं?” नवऱ्यानं विचारलं. तिनं डोळे वटारले. तो मुकाट्यानं पाणी गरम करायला गेला.

संध्याकाळी तिची पाळी आली. तोंड उघडलं तर नुसती हवा.

“राहू द्या,” सर मायेनं म्हणाले. “पुढच्या खेपेला, खालच्या वर्गाबरोबर...”

तिनं हात वर करून त्यांना थांबवलं. फळ्यावर सिट आणि सेट लिहिलं. पहिल्या बाकावरच्या बँकेतल्या काकांना उठवलं. ते आपणहून बसले, तिनं सिटवर बोट ठेवलं. परत उठवलं, खांदे दाबून बसवलं आणि सेटवर बोट ठेवलं. वर्ग खिदळला. मग तिनं सरांचा घसरलेला चष्मा नाकावर बसवला, पिशवीतून कंगवा काढला आणि काकांकडे वळली.

“मॅडम, आहेत तेवढे राहू द्या,” काका म्हणाले.

“आणि सूर्य?” सरांनी हळूच खोडी काढली.

खिडकीबाहेर तो समोरच्या छपराला टेकलाच होता. तिनं त्याच्याकडे बोट दाखवलं. मग सकाळपासून उभ्या असलेल्या स्वतःच्या पायांकडे. चपला काढल्या, बाकापर्यंत गेली आणि हळूहळू, कुणी न बसवता, बसली.

“तोंड उघडलं होतंत ना?” सर चष्मा सावरत म्हणाले. “मग झालं. उद्यापासून वरच्या वर्गात बसा.”

मागून कुणीतरी उठून दिवा लावला.