सांडलं नाही ते पाणी

मित्रांनो, मी एक जुना पितळी पेला आहे. माझे पोचे मोजत बसू नका. गळ्याखाली एक रेघ कोरलेली दिसते ना, तीच माझी सगळी विद्या.

सुप्याजवळच्या एका दवाखान्यातले डॉक्टर कंपवाताच्या साठ माणसांना दहा वर्षं पाहणार होते. दर दिवाळीनंतर तीच माणसं, तीच तपासणी. हा रोग कुणात किती वेगाने वाढतो, ते त्यांना समजून घ्यायचं होतं. नर्स पुष्पावती मला रेघेपर्यंत भरायची. रोग्याने परातीपाशी उभं राहून मला दहा वेळा ओठांपर्यंत न्यायचं आणि खाली आणायचं, प्यायचं मात्र नाही. परातीत सांडलेलं पाणी मोजून वहीत लिहायचं. 'हा पेला खोटं बोलत नाही,' असं डॉक्टर येईल त्याला सांगायचे आणि मी फुगायचो. मेली कसली ती घमेंड!

भीमाबाबा त्या साठांतला. उभा जन्म पेरणीची पाभर धरून सरळ तास काढलेला हात त्याचा. सत्तर साली त्याच्याकडून अर्धी वाटी सांडली, एकाहत्तर साली पाऊण. परातीकडे बघून तो लाजायचा. त्याची बायको छबूबाई पदराने त्याचा सदरा टिपायची.

मग बहात्तर साल आलं. विहिरी आटल्या. टँकर आला की हंड्यावर हंडा आदळायचा. त्या दिवाळीनंतर भीमाबाबा आला. पुष्पावती वहीत त्याचं पान शोधायला वळली, तेवढ्यात त्याने मला तोंडाला लावून अर्ध्याहून जास्त पाणी पिऊन टाकलं. मग दहा वेळा वर-खाली केलं. अर्धा रिकामा मी, सांडणार काय डोंबल! परातीत जेमतेम दोन चमचे पडले. उरलेलंही तो शेवटी पिऊन गेला, म्हणून कुणाला काही कळलं नाही. डॉक्टरांनी आनंदाने लिहिलं, 'सुधारणा'. मला सगळं ठाऊक होतं. पण पेल्याला कुठली वाचा?

फाल्गुनात मुंबईहून नव्या गोळ्या आल्या, फक्त बारा जणांपुरत्या. ज्यांचा रोग सर्वांत वेगाने वाढतोय, त्यांना द्यायचं ठरलं. वही उघडली गेली. बारा नावं निघाली, त्यांत भीमाबाबाचं नव्हतं.

पुढच्या दिवाळीनंतर छबूबाई एकटीच आली. तिने त्याचं कार्ड टेबलावर ठेवलं. धनी आखाडात गेले, म्हणाली. अंग लाकूड झालं होतं, पाण्याचा घोटसुद्धा गिळता येत नव्हता. डॉक्टर चक्रावले. मागच्या साली तर त्यांना बरं वाटत होतं, म्हणाले.

"कशाचं बरं," ती म्हणाली. "म्याच बजावलं हुतं, लोकाचं पानी सांडू नगा, लई पाप हाय. म्हनून त्यांनी आदीच पिऊन घेतलं."

डॉक्टरांनी वहीतलं ते 'सुधारणा' पुन्हा वाचलं. गोळ्यांचं त्यांनी तिला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? त्यांनी मला रेघेपर्यंत भरून तिच्या हातात दिलं. ती सगळं प्याली. एक थेंब तिने सांडू दिला नाही.

त्या वहीत खाडाखोड चालत नाही. 'सुधारणा' अजून तिथेच आहे, आणि मी अडगळीच्या कपाटात हिरवा पडत चाललोय. मला घासून लख्ख केलंत तरी भीमाबाबा काही परत यायचा नाही. पण मित्रांनो, उद्या तुम्ही कुणाचं दुखणं मोजायला बसलात, तर पेल्यावर विसंबू नका. लिहिण्याआधी त्या माणसाला विचारा. भीमाबाबाला कुणी विचारलंच नाही.